गरज लागली तरच

अँब्रोज टॉलिव्हर संत्रं सोलताना साल अखंड काढायचे. साल मध्येच तुटली तर ते संत्रं स्वतः खायचे नाहीत, दुसऱ्याला द्यायचे.

लिफ्टमध्ये ते बोलत नसत. हवापाण्यावरसुद्धा नाही.

फोनवर कोणाला "नाही" म्हणत नसत. "बघतो" म्हणायचे, आणि खरंच बघायचे.

मतदान सुरू झालं की मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचे. "आता भिंतीवरचं एकच घड्याळ खरं," म्हणायचे, "आणि तेही सभापतींच्या मर्जीनं चालतं."

पैज लावत नसत. बेसबॉलवरही नाही.

सदस्य बसलेला असला तर स्वतः बसत नसत. शुक्रवारी सभागृह उठलं की चामड्याच्या खुर्च्यांच्या फटींत हात घालून सदस्यांची पडलेली पेनं काढायचे आणि अ‍ॅनाकोस्टियातल्या आपल्या घरामागच्या शाळेत नेऊन द्यायचे. त्या शाळेतली मुलं अमेरिकेच्या संसदेच्या पेनांनी गणितं सोडवत.

हे मी कधी टिपून ठेवलं नव्हतं. ते गेल्यापासून एकेक आठवतंय.

आमची खोली सभागृहाच्या मागे आहे. तिचं नाव क्लोकरूम. कोट ठेवण्यासाठी होती म्हणे कधीकाळी. आता तिथे सोफे आहेत, फोन आहेत, सँडविच मिळणारी एक खिडकी आहे, आणि सभागृहात उघडणारं झुलतं दार आहे. पक्षाचे सदस्य तिथे येऊन बसतात, डुलकी काढतात, एकमेकांची टिंगल करतात. कोणत्या विषयावर मतदान आहे, किती वेळ उरलाय, हे त्यांना कळवणं आमचं काम. टॉलिव्हर ते तीसेक वर्षं करत होते. मी साहित्य शिकून आले होते आणि दुसरी नोकरी मिळत नव्हती.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "शिकलीस काय?"

"साहित्य."

"अरे वा. मग खोटं कोण बोलतंय ते ओळखता येत असेल."

तेव्हापासून ते मला प्राध्यापकबाई म्हणू लागले. मी त्यांना मिस्टर टॉलिव्हर म्हणायचे. आमच्या वयात चाळीस वर्षांचं अंतर होतं. दुपारचं जेवण आम्ही एकत्र करायचो, उभ्याउभ्या.

कर्जमर्यादा म्हणजे काय ते मला त्यांनीच समजावलं. मी वर्तमानपत्रात वाचलं होतं, पण समजलं नव्हतं.

"आमच्या चर्चच्या मंडळानं नवं छप्पर मंजूर केलं," ते म्हणाले. "एकमतानं. मजूर चढले, छप्पर झालं. मग एक जण उठून म्हणतो, आता खजिनदारानं बँकेकडून पैसे उसने घ्यावेत की नाही, यावर वेगळं मतदान घेऊ."

"छप्पर झाल्यावर?"

"झाल्यावर. आणि मग ज्यांनी छपराला हात वर केले होते, तेच म्हणायला लागले, कर्ज वाईट, आम्ही कर्जाच्या विरुद्ध."

"मग काय झालं?"

"पास्टरनी पंखे बंद केले. जुलै महिना होता. पटकन पास झालं." त्यांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. "इथे पंखे बंद करता येत नाहीत. एवढाच फरक."

गेल्या वर्षी वसंतात ती वेळ आली. सरकारनं कायद्यानं जितकं कर्ज घ्यायची मुभा होती तितकं घेऊन झालं होतं. अर्थखातं या खिशातून त्या खिशात करून दिवस ढकलत होतं. जूनपर्यंत मर्यादा वाढवली नाही तर पेन्शनचे चेक थांबणार होते. सोफ्यांवर दुसरा विषय नव्हता.

"आकडा लिहूच नका," एक जण म्हणायचा. "तारीख लिहा. अमुक तारखेपर्यंत मर्यादा स्थगित. आकडा पोस्टरवर छापता येतो. तारीख वाचून कोणी चिडत नाही."

"बजेटच्या खास वाटेनं न्या. वरच्या सभागृहात साध्या बहुमतावर भागेल."

"त्या वाटेला ऑगस्ट उजाडेल."

"सह्या गोळा करा, समितीतून विधेयक ओढून काढा."

"सही कोण करणार? तू करशील?"

"मी? मला काय वेड लागलंय?"

"अर्थखात्याला सांगा, एक मोठं नाणं पाडा. त्यावर किंमत लिहा हवी तेवढी. कटकट मिटली."

"आणि चित्र कोणाचं त्यावर?"

"टॉलिव्हरचं!"

सगळे हसले. टॉलिव्हर दाराशी उभे होते. "टोपी घालून काढा म्हणावं," ते म्हणाले. "टकलावर उजेड चमकतो."

शेवटी साधं मतदान घ्यायचं ठरलं. तारखेचा मार्ग घेतला, पण हात तर वर करावाच लागणार होता. आमचा पक्ष बहुमतात होता, जेमतेम. विरोधकांनी एकही मत द्यायचं नाही असं ठरवलं होतं. विधेयक मंजूर व्हावं असं त्यांच्यातल्या निम्म्यांना मनातून वाटत होतं. आमच्यातल्याही कितीतरी जणांना वाटत होतं की मंजूर व्हावं, पण आपल्या मताशिवाय.

अशांसाठी आमच्याकडे एक पद्धत आहे. सदस्य प्रतोदांना सांगतो, माझं मत आहे, पण गरज लागली तरच. मतदानाच्या वेळी तो सभागृहाच्या मागच्या पितळी कठड्याशी उभा राहतो. मतदानाचं कार्ड हातात, पण यंत्रात घालत नाही. वरच्या फलकावर नावांपुढे हिरवे आणि लाल दिवे लागत जातात. हिरवे पुरेसे झाले की त्याला मोकळं करतात. मग तो "नाही"चं बटण दाबतो आणि घरी जाऊन सांगतो, मी विरोध केला.

मोकळं करण्याचं काम टॉलिव्हरांचं. प्रतोद येत-जात राहिले, पण कोणाला केव्हा सोडायचं हे त्यांच्यावरच राहिलं. ते मागून जायचे, कोपराला हलकेच हात लावायचे आणि म्हणायचे, "जेवून घ्या."

एवढंच. "जेवून घ्या" म्हटलं की सुटका. आणि एकदा जेवायला पाठवलेल्या माणसाला त्यांनी कधी परत बोलावलं नव्हतं. दोन्ही पक्षांत हे सगळ्यांना माहीत होतं. टॉलिव्हरांकडे दुसरं काही नव्हतं. हुद्दा नव्हता, ओळख नव्हती. हा शब्द होता.

त्या दिवशी कठड्याशी तिघं होते. त्यातल्या एक विस्कॉन्सिनच्या कार्ला वेस्टरगार्ड. पहिल्यांदाच निवडून आल्या होत्या, अगदी थोड्या मतांनी. त्याआधी त्यांची बेकरी होती. दोन्ही जानेवारींत त्यांनी क्लोकरूममध्ये क्रिंगल आणला होता, अक्रोड भरलेला गोड पाव, थाळीएवढा गोल. पहिला तुकडा टॉलिव्हरांना दिला होता. प्रचारात त्यांनी एका चीजच्या कारखान्यात भाषण करताना शब्द दिला होता, कर्जमर्यादा वाढवायला मी मत देणार नाही. त्याचं चित्रीकरण झालं होतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी त्या टॉलिव्हरांना म्हणाल्या, "खरं सांगा. माझी गरज लागेल?"

टॉलिव्हर सहसा "बघतो" म्हणाले असते. त्या दिवशी म्हणाले, "नाही लागणार, मॅडम. मी तुम्हाला वेळेत जेवायला पाठवीन."

"आणि लागलीच तर?"

"नाही लागणार."

"लागली तर मी देईन हो. चेक थांबले तर आमच्याच गावातल्या म्हाताऱ्या माझ्या दारात उभ्या राहतील. पण मग माझी ही शेवटची फेरी, एवढं लक्षात ठेवा."

"शब्द दिला ना, मॅडम."

मी तिथेच होते. ते कोणाला असं सांगताना मी पहिल्यांदा ऐकलं.

मतदान सुरू झालं. टॉलिव्हरांनी घड्याळ खिशात टाकलं. हिरवे वाढत गेले. पहिले दोघं मोकळे झाले आणि विमानतळाकडे निघाले. घड्याळ संपता संपता केंटकीच्या मि. पिकन्स यांचा हिरवा दिवा लागला. म्हातारे, पक्के. टॉलिव्हरांनी फलक पुन्हा एकदा पाहिला. मग कठड्याकडे गेले आणि वेस्टरगार्डबाईंच्या कोपराला हात लावला.

"जेवून घ्या, मॅडम."

त्यांनी "नाही" दाबलं. जाताना टॉलिव्हरांचा हात दाबला.

तेवढ्यात मि. पिकन्स उठले. सभापतींपुढच्या मोकळ्या जागेत गेले आणि म्हणाले, "सभापती महोदय, ओक्लहोमाचे मि. स्ट्रॅटन यांच्याशी मी जोडी केलेली आहे. ते इथे असते तर त्यांनी विरोधात मत दिलं असतं. मी बाजूनं दिलं आहे. मी माझं मत मागे घेतो आणि नुसता हजर असल्याची नोंद करावी अशी विनंती करतो."

सभागृहात अर्ध्या लोकांना हे काय चाललंय ते कळलं नाही. जोडी हा जुना शिष्टाचार आहे. विरोधी पक्षातल्याला काही अडचणीमुळे येता आलं नाही, तर त्याच्यासाठी आपण आपलं मत राखून ठेवायचं, म्हणजे त्याच्या गैरहजेरीनं त्याच्या बाजूचं नुकसान होत नाही. नियमात अजून आहे. पण करत कोणी नाही. मि. स्ट्रॅटन यांच्या पत्नीचं त्या सकाळी हृदयाचं ऑपरेशन होतं.

फलकावर दोन्ही बाजू सारख्या झाल्या. बरोबरी म्हणजे विधेयक पडलं.

पण हातोडा पडेपर्यंत मतदान संपत नाही, आणि सभापतींनी तो उचलला नाही. ते क्लोकरूमच्या दाराकडे बघत राहिले.

टॉलिव्हर बाहेर गेले. मीही मागे गेले. वेस्टरगार्डबाई लिफ्टपाशी उभ्या होत्या. दार उघडलं होतं.

"मॅडम."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि लिफ्ट जाऊ दिली.

"तुम्ही म्हणालात जेवून घ्या."

"म्हणालो."

"मग?"

"बरोबरी झाली आहे. पिकन्ससाहेबांची जोडी होती. मी विचारलं नव्हतं."

"दुसरं कोणी?"

"दोघं गाडीत आहेत. बाकी कोणी हलणार नाही."

"म्हणजे मी या, असं म्हणताय."

"नाही, मॅडम. ते मी म्हणू शकत नाही. आत काय झालंय ते फक्त सांगतोय."

त्यांनी खांद्यावरची पर्स काढली. मग म्हणाल्या, "माझी पर्स धर गं," आणि माझ्या हातात दिली.

एवढ्या उशिरा मत बदलायचं तर यंत्र चालत नाही. पुढे जाऊन हिरव्या कागदी पट्टीवर सही करावी लागते, सगळ्यांसमोर. त्या मधल्या वाटेनं एकट्या चालत गेल्या. विरोधकांच्या बाकांवरून ओळीनं "बाय-बाय" ऐकू आलं. कारकुनानं वाचलं, "वेस्टरगार्ड. नाहीवरून होकडे." हातोडा पडला.

सुरुवातीलाच "हो" दिलं असतं तर त्या गर्दीतल्या एक झाल्या असत्या. आता त्या एकट्याच होत्या.

मि. पिकन्स नंतर क्लोकरूममध्ये आले. "टॉलिव्हर, मला वाटलं तुला ठाऊक आहे. पूर्वी तू दर वेळी विचारायचास."

"विचारायचो, सर."

"मग या वेळी?"

"बरीच वर्षं कोणी हो म्हणालं नाही. मग विचारणं सुटलं."

"मला त्या माणसाला शब्द द्यावा लागला. त्याची बायको..."

"तुम्ही बरोबरच केलंत. कशा आहेत त्या?"

"शुद्धीवर आली."

"बरं झालं," टॉलिव्हर म्हणाले. त्यांनी खिशातून घड्याळ काढलं. पण मनगटावर बांधलं नाही. हातात धरून उभे राहिले.

नोव्हेंबरमध्ये वेस्टरगार्डबाई हरल्या. त्यांच्या गावातल्या प्रत्येक टपालपेटीत त्या हिरव्या पट्टीचं चित्र पोहोचलं होतं, त्यांच्या सहीसकट.

हरलेल्या सदस्यांची कार्यालयं डिसेंबरात काढून घेतात. तळघरात एक मोठी खोली असते. तिथे प्रत्येकाला एक टेबल आणि एक फोन मिळतो. टॉलिव्हर तिथे गेले. मला म्हणाले, "चल, मला एकट्याला जमणार नाही." खिशात चार संत्री होती.

वेस्टरगार्डबाई खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या. "या, मिस्टर टॉलिव्हर. क्रिंगल नाही यंदा. भट्टी अजून पेटवायची आहे."

टॉलिव्हर बसले नाहीत. संत्रं सोलायला घेतलं. साल तुटली. ते त्यांनी बाईंना दिलं.

"मला तुमचा राग नाही आला," बाई म्हणाल्या. "आला असता तर बरं झालं असतं."

"मॅडम, पुन्हा कोणाला त्या कठड्याशी उभं राहावं लागणार नाही, एवढं करतो."

बाई हसल्या. "कसं काय?"

"एक जुना नियम होता. सभागृहानं बजेटचा ठराव मंजूर केला की मर्यादा वाढवण्याचं विधेयकही त्याच मतानं मंजूर झालं असं धरायचं. छपराला हात वर केला की खजिनदारालाही हो म्हटल्यासारखं. वेगळं मतदानच नाही."

"तो नियम दर थोड्या वर्षांनी घालतात आणि काढतात."

"आता काढलेला आहे. नवं सभागृह जानेवारीत पहिल्या दिवशी आपले नियम ठरवतं. त्या दिवशी घालता येतो. आपलं बहुमत कसंबसं का होईना, आहे."

"आणि ते तुमचं ऐकतील?"

"मी कधी काही मागितलं नाही त्यांच्याकडे. बघतो."

"झालं तर मला फोन करा."

"करतो."

जिन्यावर मी म्हणाले, "परत शब्द दिलात."

"हो. पहिला अजून मोडलेलाच आहे ना."

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. क्लोकरूमच्या माणसानं मत मांडायचं नसतं. तीस वर्षं त्यांनी मांडलं नव्हतं. आता ते एकेका सोफ्यापाशी जाऊन उभे राहत आणि विचारत, "सर, एक मागायचं होतं." सदस्य दचकत. काहींना वाटलं, यांना काही मोठं दुखणं निघालंय.

"नियमात घालून टाकलं तर आम्ही निवडणुकीत बोंबलायचं कशावर?" एक जण म्हणाला.

"बोंबलायला विषय कमी आहेत का, सर? मी आणून देतो."

"त्यांनाही सोपं होईल त्यानं. विरोधकांना."

"होईल. ते बहुमतात आले की तुम्हालाही होईल."

"पण हे वेगळं मतदान म्हणजे लगाम आहे, टॉलिव्हर. लोकांना दिसायला नको का, कर्ज कोण वाढवतंय?"

हे मि. पिकन्स विचारत होते, मनापासून.

"दिसायला हवं, सर. खर्च मंजूर करताना दिसावं. वेस्टरगार्डबाईंनी तो खर्च मंजूर केला नव्हता. त्या तेव्हा बेकरीत होत्या."

मि. पिकन्स म्हणाले, "माझं मत धर." आणि लगेच, "गरज लागली तरच नव्हे. तसंच धर."

खिडकीकडचे सोफे झाले. फोनजवळचे झाले. नाताळ जवळ आला तेव्हा कोपऱ्यातली एकच खुर्ची उरली होती. ती मि. क्रॉसलँड यांची. नियमांची समिती त्यांच्याकडे. ते नाही म्हणाले तर बाकीच्यांच्या होकाराला अर्थ नव्हता. तापट माणूस. पण मंगळवारी दुपारी ते जवळच्या गाडीवरून मिरचीचा रस्सा घातलेलं हाफ-स्मोक सॉसेज आणत, आणि ते खाताना त्यांच्याशी बोलता यायचं. टॉलिव्हरांनी त्यांना आधी सांगून ठेवलं, "सर, मंगळवारी एक विचारायचंय."

रविवारी त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. त्यांच्या बहिणीनं, व्हर्नानं, कोलार्डची पालेभाजी आणि मक्याचा पाव केला होता. "याला काय झालंय?" ती मला म्हणाली. "आरशासमोर उभा राहून बोलतो. या वयात मुलगी बघायला चाललाय की काय?"

"मुलगी असती तर सोपं होतं," टॉलिव्हर म्हणाले.

सोमवारी सकाळी बसथांब्यावर ते खाली बसले आणि उठले नाहीत. व्हर्नाचा फोन मला क्लोकरूममध्ये आला. "बघतो" म्हणायची सवय मलाही लागली होती. मी तिला "बघते" म्हणाले. काय बघणार होते कोणास ठाऊक.

मंगळवारी मी कामावर गेले. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. सुट्टीमुळे खोली जवळजवळ रिकामी होती. फोन येत होते. मी उचलत होते.

दुपारी मि. क्रॉसलँड आले. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि मांडीवर कागद उघडला. रश्श्याचा वास पसरला.

"टॉलिव्हर कुठाय?"

फोन वाजला. मी उचलला नाही.

"काहीतरी विचारायचंय म्हणाला होता," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत त्यानं मला काही विचारलं नाही. म्हणून घरी जायचं सोडून थांबलोय."

त्यांनी शेजारच्या खुर्चीवरचा आपला कोट उचलला आणि दुसरीकडे ठेवला, टॉलिव्हरांना बसायला जागा व्हावी म्हणून.